आहे सामाजिक लोक!

आसामातल्या माजुली बेटावरच्या एका नामघरात, म्हणजे गावच्या सामूहिक प्रार्थनाघरात, रात्री साडेदहाच्या सुमाराला सूत्रधार पहिल्यांदा बोलला तेव्हा मी दचकलोच. तोवर तासभर नुसते ‘खोल’ आणि टाळ चालले होते. खोल म्हणजे मृदंगाचा आसामी भाऊ, एक तोंड मोठे, एक लहान. पांढरे धोतर आणि पांढरे पागोटे घातलेले दहाबारा बायन, म्हणजे वादक, तो गळ्यात अडकवून, आणि तेवढेच गायन हातात टाळ घेऊन, आधी बसून, मग गुडघ्यांवर उठून, मग उभे राहून, मग नाचत एकामागून एक ‘धेमाली’, म्हणजे नाटकाआधीचे पूर्वरंगाचे तुकडे, वाजवत होते. ते थांबले. दोघा पोरांनी धरलेला ‘आर-कापोर’ नावाचा पडदा बाजूला झाला, घुरी नावाच्या घेरदार पांढऱ्या घागऱ्यातला सूत्रधार आत आला, समोरच्या आसनापुढे वाकला, संस्कृत श्लोक म्हणाला आणि मग त्याने हाक दिली, ‘आहे सामाजिक लोक!’

मराठी कानाला हे सरळ विधान वाटते. आहेत, सामाजिक लोक इथे आहेत. खरे तर तिथला ‘आहे’ म्हणजे आपला ‘अहो’. आणि ‘सामाजिक’ हा शब्द आपण कार्यकर्ते, संस्था आणि माध्यमे यांच्यापुढे जोडून जोडून गुळगुळीत केला असला तरी संस्कृत काव्यशास्त्रात तो चांगला नाम आहे. नाटकाला जमलेला, रस घेणारा माणूस तो सामाजिक. आसामचे वैष्णव संत शंकरदेव यांच्या नाटकांतला सूत्रधार समोरच्यांना दरवेळी त्याच नावाने हाक मारतो. प्रेक्षक म्हणजे पाहणारा. सामाजिक म्हणजे समाजात बसलेला. भाओना, म्हणजे या नाटकांचा असा प्रयोग, जपायची म्हणजे नेमके काय जपायचे, हा प्रश्न मला तरी या दोन शब्दांच्या मधल्या जागेत दिसतो.

आधी एक गैरसमज दूर करू. भाओना मरत चालली आहे, असे आसामबाहेर बसून हळहळणाऱ्यांनी एकदा माघ-फाल्गुनात नगाव, शोणितपूर किंवा जोरहाटकडच्या खेड्यांतून फिरून यावे. भात घरात आलेले असते, हात मोकळे असतात, आणि या नाही तर त्या गावात रात्री खोल वाजत असतो. भाद्रपदात शंकरदेव आणि त्यांचे शिष्य माधवदेव यांच्या तिथी येतात तेव्हा पुन्हा तेच. जामुगुरीहाटची ‘बारेसहरिया भाओना’ तर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आली आहे. काही वर्षांच्या अंतराने ती भरते. एक भलाथोरला मांडव, मध्यभागी देवाचे आसन, भोवती कमळाच्या पाकळ्यांसारखी रंगस्थळे, आणि त्या सगळ्यांवर वेगवेगळ्या गावांची वेगवेगळी नाटे एकाच वेळी चालू. आपल्याकडच्या एकांकिका स्पर्धांच्या आयोजकांना ही कल्पना ऐकूनच घाम फुटेल.

तेव्हा मरणाची घाई नाही. मला काळजी आहे ती वाचवणाऱ्यांची.

नाट म्हणजे संहिता, भाओना म्हणजे तिचा प्रयोग. ‘अंकिया नाट’ हे नाव पुढच्यांनी दिले, एका अंकात आटोपते म्हणून. शंकरदेव स्वतः ‘नाट’ किंवा ‘यात्रा’ म्हणत. परंपरेनुसार त्यांचा जन्म १४४९चा, मृत्यू १५६८चा. त्यांची सहा नाटे आज हातात आहेत: पत्नीप्रसाद, कालियदमन, केलिगोपाल, रुक्मिणीहरण, पारिजातहरण आणि रामविजय. यातले रामविजय कोच राजा नरनारायणाचा भाऊ आणि सेनापती चिलाराय याच्या सांगण्यावरून १५६८ साली लिहिले, आणि त्याच वर्षी ते गेले. शिष्य माधवदेवांची नाटे त्याहून लहान आणि खट्याळ. ‘पिंपरा गुचुवा’ या नावाचा अर्थ मुंग्या काढणे. लोण्यात हात घातलेला कृष्ण सापडतो आणि मुंग्या काढत होतो म्हणतो.

हे सगळे १५९६च्या, म्हणजे माधवदेव गेले त्या सालाच्या, आतले. आपण मराठी रंगभूमीचा आरंभ धरतो तो विष्णुदास भावे यांनी सांगलीत १८४३ साली केलेल्या ‘सीतास्वयंवर’पासून. गंमत अशी की भावे यांच्या नाटकातही सूत्रधार शेवटपर्यंत उभा राहून गात असे आणि पात्रे त्याच्या पदांच्या आधाराने बोलत. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. भावे यांच्यासमोर कर्नाटकातून आलेले भागवत मेळे होते. पण भागवतातली गोष्ट निरक्षर माणसापुढे उभी करायची तर गाणारा निवेदक लागतो, हे ब्रह्मपुत्रेच्या आणि कृष्णेच्या काठावर आपापले सुचलेले दिसते. त्याच सोळाव्या शतकात आपल्याकडे एकनाथ भागवताचा अकरावा स्कंध ओवीत आणत होते आणि भारुडात जोशी, गोंधळी उभे करत होते. शंकरदेव भागवत असमियात आणत होते आणि नाटात नारद नि सत्यभामा.

आता प्रयोग कुठे होतो ते पाहा. नामघर म्हणजे देऊळ, असे सांगितले तर अर्धेच सांगितल्यासारखे होते. आत पूजेची मूर्ती सहसा नसते. लांबट दालन, पूर्वेच्या टोकाला ‘मणिकूट’, तिथल्या सिंहासनासारख्या आसनावर पोथी. दिवसातून ठरलेल्या वेळी नाम घ्यायचे. पण गावातला तंटा सोडवायचा तर तोही इथे, वर्गणी ठरवायची तर इथे, पूर आल्यावर काय करायचे याचा विचारही इथे. या जागेत किती ताकद होती हे आहोम राजांनी १७६९मध्ये पाहिले. मोवामरिया सत्राच्या शिष्यांनी बंड केले आणि त्याने पुढे राज्यच खिळखिळे केले. (सत्र म्हणजे मठ, आपल्या विधानसभेच्या सत्राशी गल्लत नको.)

गावातल्या या जमलेल्या लोकांना असमियात ‘राइज’ म्हणतात. त्यांची एक म्हण आहे: राइजे नख जोकारिले नै बय. राइजने नुसती नखे झटकली तरी नदी वाहते. भाओना करायची की नाही हे राइज ठरवते. कुठले नाट, कोणाला कोणते पात्र, कोणाच्या घरून किती तांदूळ, कोणाच्या बेटातले बांबू. मग महिनाभर ‘आखरा’ म्हणजे तालमी. ज्याला बोलता येत नाही तो मुकुट चिकटवतो, ज्याला तेही येत नाही तो चणे-मूग भिजवून, आले-खोबरे घालून प्रसाद वाटतो. माझ्या शेजारी एक गृहस्थ चपला राखत बसले होते. मागच्या वर्षी ते रावण होते.

आणि त्यांच्या पलीकडे एक आजोबा. कृष्णाचा प्रवेश झाला. ‘अग्निगड’ नावाच्या बांबूच्या कमानीवर नऊ दिवे पेटवलेले, पडदा वर, त्याखालून आधी फक्त पैंजणाचे पाय, मग बायकांनी जीभ हलवून काढलेला मंगल उलूध्वनी, मग पडदा सरला आणि दहा-अकरा वर्षांचा कृष्ण नाचत आत आला. आजोबांनी जमिनीला कपाळ टेकवले. सगळ्यांनीच हात जोडले होते, पण त्यांनी कपाळ टेकवले. नंतर प्रसाद खाताना मोडक्या हिंदीत म्हणाले, ‘तो माझा नातू. सकाळी शाळेत गेला नाही म्हणून यालाच बदडणार होतो. पण मग आठवले, आज याचा उपास आहे.’

हे दृश्य नाटकाच्या भाषेत काय म्हणायचे? अभिनय बेताचा होता. मुलगा दोनदा चुकला आणि सूत्रधाराने त्याच्या खांद्याला हात लावून त्याला योग्य जागी नेले, तसे करताना स्वतःचे गाणे मात्र सोडले नाही. तिकीट काढून आलेला प्रेक्षक याला कच्चेपणा म्हणाला असता. त्या आजोबांना कच्चेपणा दिसला नाही असे नाही. त्यांनी नातवाच्या चुका मला मोजून सांगितल्या. त्यांच्या लेखी कपाळ टेकवणे आणि चुका मोजणे यांत विरोध नव्हता.

याउलट दुसरा अनुभव एका महानगरातल्या वातानुकूलित सभागृहातला. पारिजातहरण होते. नाट सुरेख आहे. नारद स्वर्गातले फूल आणतो, ते रुक्मिणीला मिळते, सत्यभामा रुसते, कृष्ण झाड उपटून आणायला निघतो, आणि मग शची आणि सत्यभामा यांची अशी जुंपते की चाळीतल्या नळावरची भांडणे फिकी पडावीत. ही कथा मराठी माणसाला वेगळी सांगायला नको. मूळ प्रयोग रात्रभर चालणारा. इथे पन्नास मिनिटांत बसवला होता. धेमाली चार मिनिटांत आटोपली. प्रत्येक प्रवेशाआधी बाजूच्या पोडियमवर निवेदिका येऊन, आता काय होणार ते इंग्रजीत सांगून जाई, आणि मग सूत्रधार काही न बोलता नाचे. साडेचारशे वर्षांपूर्वी ज्या माणसाला गोष्ट सांगण्यासाठी जन्माला घातले, त्याचेच तोंड बंद करून त्याच्या जागी दुसरा सूत्रधार ठेवला होता. नृत्य उत्तम, वेशभूषा झळझळीत, प्रकाशयोजना नेमकी. शेवटी ‘मुक्तिमंगल भटिमा’ सुरू झाली. कृष्णाची स्तुती करत, चुकले-माकले पोटात घाला म्हणत ती प्रयोगाचा शेवट करते. ती सुरू असतानाच लोक गाडी काढायला उठले.

आयोजकांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. सभागृह तासावर भाड्याने मिळते. मुद्दा असा की आपण ज्याला ‘व्यासपीठ मिळवून देणे’ म्हणतो त्यात पहिल्यांदा जाते ते वेळेचे माप, मग सूत्रधार, मग सामाजिक. उरते ते नृत्य. आणि हा माझा तर्क नाही, असे घडलेले आहे. संगीत नाटक अकादमीने २००० साली सत्रीय नृत्याला शास्त्रीय नृत्याचा दर्जा दिला. मान्यता रास्त होती, उशिराच झाली. मणिराम दत्त मुक्तियार यांच्यासारख्या बरबायनांनी, म्हणजे मुख्य वादकांनी, सत्राच्या आतली विद्या बाहेर शिकवली म्हणून ती झाली. पण त्या दर्जाने एक रेघ ओढली. सूत्रधारी नाच, कृष्ण नाच, गोपी प्रवेश हे नाटाच्या पोटातले तुकडे. ते आता दहा-दहा मिनिटांच्या स्वतंत्र रचना होऊन परीक्षांच्या अभ्यासक्रमात बसले. ज्या नाटातून ते निघाले ते मागे राहिले. आज दिल्लीत किंवा पुण्यात सत्रीय पाहिलेला रसिक सहज भेटेल. त्यातल्या कितींना ही पावले कुठल्या गोष्टीतली आहेत ते ठाऊक असते?

आता पुढचे पाऊल म्हणून भाओनेलाही असाच दर्जा, जागतिक वारशाच्या यादीत नाव, अशा मागण्या होतात. केरळचे कुडियाट्टम आणि मुडियेट्टू, उत्तरेतली रामलीला युनेस्कोच्या अमूर्त वारशात गेली, भाओना का नाही, हा प्रश्न आसामी माणसाला डाचणे साहजिक आहे. माजुली बेटाचे नाव तर २००४पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत पडून आहे. जाऊ दे नाव यादीत, माझी हरकत नाही. यादीने कोणाचे पोट दुखत नाही. मात्र यादीपाठोपाठ महोत्सव येतो, महोत्सवापाठोपाठ वेळेची मर्यादा, आणि मर्यादेपाठोपाठ ती निवेदिका.

इथे मला एका मुद्द्यावर परंपरावाद्यांशीही फारकत घ्यावी लागते. अलीकडे भाओना इंग्रजीत झाल्या, संस्कृतात झाल्या, आसामातल्या जनजातींच्या भाषांत झाल्या. त्यावर नाके मुरडली गेली की शंकरदेवांची ब्रजावली सोडून हे काय. पण ब्रजावली कोणाच्या घरात बोलली जात होती? कोणाच्याच नाही. मैथिली आणि असमिया कालवून, थोडा ब्रजाचा सुवास देऊन केलेली ती नाटकाची भाषा. समोरच्याला कळावी आणि तरी रोजच्या बोलण्याहून वेगळी वाटावी, एवढाच हिशेब. गावोगावी तर ब्रजावली केव्हाच मागे पडून असमियातली नवी नाटे रूढ झाली आहेत. भकतांच्या मंडळीत शंकरदेवांनी गारो गोविंद घेतला, मुसलमान शिंपी चांदसाई घेतला, आणि भागवताच्या अनुवादात किरात, कछारी, खासी, गारो, मिरी, यवन अशी यादीच दिली की हे सगळे हरिनामाने पावन होतात. त्या माणसाच्या नाटाला मिसिंग किंवा बोडो भाषेची बाधा होईल असे मानणे हा विनोद आहे. गावातल्या राइजने मिळून, आपल्या नामघरात, आपल्या भाषेत केलेली भाओना मला सभागृहातल्या शुद्ध ब्रजावलीपेक्षा अधिक शंकरदेवांची वाटते. इंग्रजीबद्दल माझे मन तेवढे मोकळे नाही, हेही कबूल करतो. तिथे समोर कोण बसले आहे यावर सगळे अवलंबून.

कोकणातला वाचक एव्हाना मनात दशावतार आठवत असेल, आणि त्याने आठवावाच. पेडणे, सावंतवाडी, कुडाळकडच्या दशावताराला कोणी वाचवले? जत्रांच्या पंचांगाने. अमक्या तिथीला तमक्या गावची जत्रा, पालखी फिरली की रात्री नाटक, पहाटे दहीकाला. देवस्थान बिदागी देते, गाव जेवू घालते, नाईक पेटीवर बसतो, आणि लिखित संहिता नसतानाही राजे नि राक्षस रात्रभर बोलत राहतात. सरकारी महोत्सवांनी त्याला पुरस्कार दिले, मुंबईच्या नाट्यगृहांनी ‘ट्रिकसीन’ दिले. पण कंपन्या जगतात त्या कार्तिक ते वैशाख लागलेल्या तारखांवर. उद्या जत्रा बंद झाल्या तर पुरस्कारप्राप्त दशावतार किती दिवस चालेल, याचा विचार करावा. एक फरक मात्र मोठा आहे. दशावतारी हा पोटासाठी गावोगाव फिरणारा नट, तर भाओनेतला रावण उद्या सकाळी शेतावर किंवा पोस्टात जाणार. पोट दुसरीकडे भरते म्हणून त्याला बाजार लागत नाही. ही भाओनेची ताकद. पण त्याला गाव मात्र लागतोच, आणि तरुण गुवाहाटी-बंगळूरला गेल्याने, नदीने जमीन गिळल्याने तो गावच विरत चालला आहे.

नदीची गोष्ट अलंकार म्हणून सांगत नाही. १५ ऑगस्ट १९५०च्या भूकंपाने ब्रह्मपुत्रेचे पात्र वर उचलले गेले आणि माजुलीचे काठ ढासळण्याचा वेग वाढला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेवढे बेट होते त्याच्या निम्म्याहून कमी आता उरले आहे. अनेक सत्रे आपली पोथी आणि खांब घेऊन मुख्य भूमीवर सरकली. सत्राला जमीन असते, जमिनीवर कुळे, त्यांच्यावर भाओनेचा खर्च. काठ कोसळला की हे सगळे गणितच कोसळते. माजुलीला २०१६ साली जिल्ह्याचा दर्जा मिळाला, २०२४ मध्ये तिथल्या मुखवट्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. छानच झाले. पण मानांकनाची माती नदीच्या काठावरच आहे.

मुखवट्याचे काम मी सामगुरी सत्रात तासभर बसून पाहिले. बांबूच्या बारीक कामट्यांचा षटकोनी जाळीचा सांगाडा. त्यावर कुंभारमातीत बुडवलेली फडक्यांची चिंधी. ती वाळली की माती आणि शेण यांच्या मिश्रणाने नाक, भुवया, गाल. मग बांबूची पट्टी घेऊन, ओल्या बोटाने आणि त्या पट्टीने घासत बसायचे. एक मुलगा पूतनेच्या डाव्या नाकपुडीवर गेली वीस मिनिटे होता. मोठ्या मुखवट्यात अंगच मावते, आणि काहींचे जबडे हलतात. जबडा दोरीने जोडलेला. इथले हेमचंद्र गोस्वामी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, आणि त्यांच्या हाताखाली शिकायला बाहेरून मुले येतात. भिंतीवर विक्रीसाठी टांगलेले तळहाताएवढे गरुड आणि जटायू पाहून मी विचारले, कुठले जास्त खपतात? हे छोटे. आणि भाओनेसाठी? त्याने नाकपुडीवरून मान न उचलता सांगितले, ‘ते विकत नाही. गावे येऊन घेऊन जातात, मग आणून देतात.’

आणून देतात, हे ऐकताना मला वाटले की भाओनेचे अर्थशास्त्र एवढेच आहे. अनुदानाचे तक्ते भरणाऱ्यांनी हा रकाना कुठे लिहायचा?

आता तो प्रश्न, जो टाळून नामघराची आरती ओवाळता येणार नाही. सभागृहातल्या त्या पन्नास मिनिटांच्या पारिजातहरणातला मुका सूत्रधार एक पंचविशीची मुलगी होती. तिच्या पावलांत जोर होता, आणि तिचे तोंड उघडू दिले असते तर ती बोललीही असती. नामघरातल्या माझ्या त्या रात्री मात्र एकही स्त्री रंगस्थळी नव्हती. सत्यभामा, रुक्मिणी, पूतना सगळे पुरुष आणि मुलगे. ब्रह्मचारी भकतांच्या सत्रांत तर लहानपणापासून वाढवलेले मुलगेच गोपी होत आले. बरपेटा सत्राच्या कीर्तनघरात स्त्रियांना प्रवेश नाही, आणि २०१०मध्ये तत्कालीन राज्यपाल जे. बी. पटनाईक काही स्त्रियांना घेऊन आत गेले तेव्हा देशभर बातमी झाली. आपल्याकडे २०१६ साली शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावरून जो धुरळा उडाला त्याची आठवण असलेल्यांना वादाचा सूर वेगळा सांगायला नको.

म्हणजे मी ज्याला दोष देतो त्या रंगमंचाने जे केले ते मी ज्याची बाजू घेतो त्या नामघराने केले नाही. इंदिरा पी. पी. बोरा यांच्यासारख्या नर्तकींना सत्रीय नाचता आले ते रंगमंचामुळे. हे मान्य न करता ‘परंपरा गावात जगते’ असे म्हणणे म्हणजे अर्ध्या गावाला मोजणीतून वगळणे.

परंपरेचा दाखलाच हवा असेल तर तोही आहे. शंकरदेवांचा नातू चतुर्भुज गेल्यावर त्यांची पत्नी कनकलता यांनी गादी सांभाळली आणि सत्राधिकार नेमले. सतराव्या शतकात एक बाई सत्रांचे प्रमुख नेमत होती. आपल्याकडेही त्याच शतकात रामदासांनी वेणाबाईंना मिरजेच्या मठाची अधिकारी केले, आणि त्या उभ्या राहून कीर्तन करत. गावोगावच्या नामघरांत दुपारच्या नामाला बायकाच असतात; त्यांची ‘आइनामे’, म्हणजे बायकांची भक्तिगीते, असतात, टाळावरचा त्यांचा हात पुरुषांना लाजवील असा. अलीकडे बायकांच्या स्वतंत्र भाओनाही ठिकठिकाणी होऊ लागल्या आहेत, आणि आकाश कोसळलेले नाही. तेव्हा शंकरदेवांच्या नावाने दार बंद ठेवणाऱ्यांना शंकरदेवांचे घरच साक्ष देत नाही.

म्हणून माझी मागणी दुहेरी आहे आणि दोन्हीकडच्यांना ती रुचणार नाही. सरकारचा भाओनेवरचा पैसा राजधानीतल्या महोत्सवावरून काढून राइजच्या हातात द्यावा. खोल मढवायला, मुखवट्यांना, आखऱ्याच्या महिन्याला, जुन्या सूत्रधाराकडे दोन वर्षे राहून भटिमा आणि राग शिकणाऱ्या पोराला, आणि काठ तुटलेल्या सत्राला जमिनीसाठी. प्रयोग किती मिनिटांचा असावा हे विचारू नये. आणि हा पैसा घेणाऱ्या नामघरात स्त्री आत बसेल, आणि तिला यायचे असेल तर पडद्यामागून रंगस्थळीही येईल, एवढी एकच अट ठेवावी.

यावर उत्तर ठरलेले आहे: सरकारने धर्मात ढवळाढवळ करू नये. बरोबर. मग सरकारचा पैसाही घेऊ नये. राइजला स्वतःच्या वर्गणीतून, स्वतःच्या नियमांनी भाओना करायचा पूर्ण हक्क आहे. नखे झटकून नदी वाहवणाऱ्यांना अनुदानावाचून काही अडत नाही, चारशे वर्षे अडलेले नाही. पण जो पैसा सगळ्यांच्या खिशातून आला, त्या पैशाने उभ्या राहिलेल्या सूत्रधाराने ‘सामाजिक लोक’ म्हणताना कोणाला वगळायचे नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: पैसा आला की राजकारणी येतो, बॅनर येतो, मणिकुटाशेजारी आमदाराची खुर्ची येते. याला माझ्याकडे तोड नाही. गणेशोत्सवात वाढलेल्या माणसाने तरी ती असल्याचा आव आणू नये. फक्त एवढे म्हणेन की जे राइज सूत्रधार कोण हे ठरवू शकते ते खुर्ची कुठे ठेवायची हेही ठरवू शकते.

त्या रात्री पहाटे चारला नाट संपले. शेवटच्या भटिमेआधी सूत्रधाराने पुन्हा एकदा हाक दिली. आधी पूर्वेला आसनाकडे वाकला, मग उत्तरेच्या बाजूला बसलेल्यांकडे वळून म्हणाला, ‘आहे सामाजिक लोक’, मग दक्षिणेकडे वळून पुन्हा. पश्चिमेला दार होते. दाराबाहेरच्या ओसरीवर पन्नासेक बायका रात्रभर बसून होत्या, कडेवर झोपलेली पोरे, डोक्यावरून ओढलेली चादर. उलूध्वनी तिथूनच येत होता. त्यांच्याकडे त्याची पाठ होती. आजोबांची सून त्यांच्यातच होती. कृष्णाचे पैंजण सोडायला ती दारापर्यंत आली, उंबऱ्याबाहेर थांबली, आणि पोराने पाय बाहेर काढून तिच्यापुढे धरले.